शेजारी लाईट आहे का? जनावराच्या मेंदूत किंवा पाठीत बिघाड नेमका कुठे, हे कसं शोधतात

इंदुरात रात्री लाईट गेली की घरातलं कुणीतरी आधी गॅलरीत जातं आणि समोरच्यांकडे बघतं. समोर उजेड असेल तर बिघाड आपल्याच घरात. अख्खी गल्ली काळोखात असेल तर डीपी. पार चौकापर्यंत अंधार असेल तर वरूनच काहीतरी गेलंय, आता हातपंखा शोधायचा. उंदराने वायर कुरतडली, फ्यूज उडाला की फांदी तारांवर पडली, हा पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न ‘कुठे’.

कुत्रा अचानक पडायला लागला, शेळी गोल फिरायला लागली, मांजराचे मागचे पाय गेले, की आम्ही जनावरांचे डॉक्टर हेच करतो. मेंदू कवटीत बंद, मज्जारज्जू मणक्यांच्या नळीत बंद. हाताला लागत नाही, कानाला ऐकू येत नाही, साध्या एक्स-रेत हाडं दिसतात पण आतला गर दिसत नाही. एमआरआय सगळीकडे मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि परवडला तरी कुत्र्याला भूल देऊन नेमका कोणता तुकडा बघायचा हे आधी ठरवावंच लागतं. मग उरतं ते गॅलरीतलं काम. कुठली घरं विझली, कुठली जळतायत, त्यावरून खांब ओळखायचा. ‘कुठली जळतायत’ हा भाग जास्त महत्त्वाचा, आणि नेमका तोच सगळे विसरतात. महूला शिकत असताना मीही विसरायचो. बिघडलेल्या गोष्टींची लांबलचक यादी करायचो आणि मग त्या यादीकडे बघत बसायचो.

लोकमान्य नगरातल्या एका काकूंचा सकाळी साडेसहाला फोन आला. “डॉक्टर, आमच्या मोतीला लकवा मारलाय हो. रात्रभर लोळतोय. आता झोपेचंच इंजेक्शन द्यावं लागणार का?”

मोती म्हणजे १४ वर्षांचा पॉमेरेनियन. मी पोचलो तेव्हा तो सोफा आणि भिंतीच्या फटीत अडकवून ठेवलेला होता, कारण मोकळा सोडला की डावीकडे कलंडत होता. मान डावीकडे वाकडी. बुबुळं आडवी हलत होती, सावकाश डावीकडे सरकायची आणि झटक्यात उजवीकडे परतायची. दोनदा ओकला होता. आजोबांनी गंगाजल पाजून झालं होतं. पुण्याचा नातू व्हिडिओ कॉलवर ‘स्ट्रोक आहे, एमआरआय करा’ असं सांगत होता.

मी ‘मोती’ म्हटलं. कान टवकारले, शेपूट हलली. म्हणजे जाग शाबूत. मग त्याला पोटाखाली हात देऊन उभं धरलं आणि एकेक पंजा उलटा करून कोटा फरशीवर टेकवला, वरची बाजू जमिनीला लागेल असा. चारही वेळा त्याने पंजा लगेच सरळ केला. आपला पाय कुठे आहे आणि कसा टेकलाय, ही खबर पायापासून मेंदूपर्यंत पोचत होती आणि हुकूम परतही येत होता. दोन्ही पापण्या मिटत होत्या, ओठ कुठे लोंबत नव्हता. कानात घाण नाही, पू नाही.

मान वाकडी होणे, बुबुळं नाचणे आणि एका अंगाला पडणे हे तिन्ही एकत्र आले की बिघाड तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत. या यंत्रणेचं एक टोक कानाच्या आत, हाडाच्या पोकळीत असतं. तिथून नस निघते आणि मेंदूच्या देठात शिरते. मग प्रश्न एवढाच, की बिघाड कानाकडच्या टोकाला की देठात?

मेंदूचा देठ म्हणजे आपल्या सराफ्यातला बोळ समजा. कुत्र्यात तो जेमतेम बोटाएवढा जाड. एवढ्याशा जागेतून चारही पायांच्या तारा जातात, चेहरा, जीभ, घसा आणि जबड्याच्या नसा तिथूनच निघतात, आणि जनावराला जागं ठेवणारी यंत्रणाही तिथेच. अशा बोळात एकाच घराला आग लागून बाकीची सुखरूप राहणं कठीण. देठात बिघाड असता तर मोती मलूल असता, डाव्या बाजूचे पंजे उलटेच राहिले असते, कदाचित गिळताना ठसका लागला असता. शेजाऱ्यांकडे सगळीकडे लाईट होती. म्हणजे बिघाड कानाकडच्या टोकाला. म्हातारं जनावर, एका रात्रीत आलेला त्रास आणि कानात संसर्ग नाही, हे जुळवलं की नाव निघतं म्हाताऱ्या कुत्र्यांचा चक्कर-रोग. कारण कुणाला माहीत नाही, पण साधारण तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्रे ठीक चालतात. मान थोडी वाकडी राहू शकते. लकवा नव्हता, आणि झोपेचं इंजेक्शन तर नाहीच नाही. उलटीचं औषध दिलं, वाटी हातात धरून पाणी पाजायला सांगितलं आणि जिन्याला आडवी खुर्ची लावायला सांगितली.

ही तपासणी उलटी लागली असती तर? बुबुळं वर-खाली नाचत असतील, कुत्रा पाठीवर झोपवला की नाचण्याची दिशा बदलत असेल, किंवा पंजा उलटाच राहत असेल, तर बोट देठाकडे जातं आणि माझा आवाज गंभीर होतो. त्यातही एक गोष्ट आधी विचारतो, जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किती दिवस चालू आहे? जास्त मात्रेत, लांबवर दिलं की ते औषधच देठ आणि लहान मेंदूला बाधतं आणि हुबेहूब असं चित्र उभं करतं. गोळी थांबवली की बहुतेक वेळा ते पुसलंही जातं. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून देणारे आपल्याकडे कमी नाहीत, म्हणून सांगितलं.

मान साधारणपणे बिघाडाच्याच बाजूला कलते. यात एक खोडसाळ अपवाद आहे. लहान मेंदूच्या एका विशिष्ट कोपऱ्यात बिघाड असेल तर मान उलट बाजूला कलते. तेव्हा फसायचं नसेल तर पंजांवर भरवसा ठेवायचा. ज्या बाजूचे पंजे उलटे राहतात ती बाजू खरी.

पापणी मिटत नाही, पण का?

या सगळ्या तपासणीतली माझी सगळ्यात आवडती चाचणी अगदी साधी आहे. जनावराचा एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्या डोळ्यासमोर एकदम हात न्यायचा, मारल्याचा आव आणून. पापणी मिटली पाहिजे. हात नेताना वारा लागू द्यायचा नाही, नाहीतर आंधळं जनावरही वाऱ्याने पापणी मिटतं आणि आपण खूश होतो. पिल्लांवर ही चाचणी करून घाबरू नका. कुत्र्याचं पिल्लू हे शिकतं तेच मुळी साधारण १० ते १२ आठवड्यांचं झाल्यावर.

पापणी मिटण्याआधी काय काय होतं बघा. डोळ्यातून नस निघते. कवटीच्या तळाशी दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेद देतात आणि कुत्र्यात सुमारे तीन चतुर्थांश तंतू पलीकडे जातात. मग ती खबर मोठ्या मेंदूच्या मागच्या भागात पोचते आणि ‘हात आला’ हे तिथे कळतं. तिथून निघालेला हुकूम लहान मेंदूच्या वाटेने देठात येतो आणि चेहऱ्याच्या नसेवरून पापणीपर्यंत जातो. म्हणजे इंदूरहून निघून भोपाळमार्गे परत इंदूर. या लांब रस्त्यावर कुठेही खोदकाम असलं तरी परिणाम एकच, पापणी मिटत नाही. एकट्या या चाचणीवरून काहीच ठरत नाही. ठरतं ते शेजाऱ्यांवरून.

टॉर्च मारा. बाहुली आकसत नसेल आणि डोळ्यापुढे कापसाचा बोळा टाकला तरी नजर जात नसेल, तर बिघाड डोळ्यात किंवा डोळ्याच्या नसेत. बाहुली छान आकसतेय पण जनावर खुर्च्यांना धडकतंय, तर डोळा आणि नस ठीक आहेत, बघणारा मोठा मेंदूच बंद पडलाय, कारण बाहुलीची तार मोठ्या मेंदूपर्यंत जातच नाही, मधूनच वळते. तिसरी शक्यता अशी, की बाहुली आकसते, बोळ्यामागे नजर जाते, पापणी मात्र हलत नाही, पण जनावर मान मागे घेतं. त्याला दिसलंय, मिटायची ताकद नाही, चेहऱ्याची नस गेलीय. पापणीच्या कोपऱ्याला बोट लावून बघा, तरीही मिटणार नाही. आणि चौथी सगळ्यात मजेची. दिसतंय, बाहुली ठीक, बोट लावलं की पापणी मिटतेय, फक्त हात नेला की मिटत नाही. तेव्हा लहान मेंदूकडे बघायचं. तिथे बिघाड असेल तर इतर खुणा लपत नाहीत. पाय जास्त उचलून, तुडवत-तुडवत चाल, उभं राहताना पाय फाकलेले, आणि खायला वाटीजवळ तोंड नेलं की डोकं आणखीनच थरथरायला लागतं. ताकद मात्र पूर्ण.

अशी मांजराची पिल्लं सुदामा नगरात एकदा तीन एकदम बघितली. गाभण मांजरीला पॅनल्युकोपेनियाचा विषाणू लागला की पिल्लांचा लहान मेंदू नीट घडत नाही. डुलत-डुलत चालतात, वाटीत नाक बुडवतात, पण त्रास वाढत नाही आणि आयुष्य मजेत काढतात. त्यांना मारून टाका असं सांगणारे भेटले तर ऐकू नका.

मोठ्या मेंदूच्या बिघाडाची बाकी लक्षणं लोकांना माहीतच असतात. आकडी येणे, वागणं बदलणे, भिंतीला डोकं टेकवून उभं राहणे, कोपऱ्यात शिरून बाहेर येता न येणे. कमी माहीत असलेली गोष्ट दिशेची आहे. असं जनावर ज्या बाजूला गोल फिरतं, बिघाड बहुधा त्याच बाजूला असतो, पण नजर आणि पंजांची जाणीव जाते ती समोरच्या बाजूची. उजवीकडे फिरतोय, डाव्या डोळ्याने दिसत नाही, डावे पंजे उलटे राहतात, म्हणजे मोठ्या मेंदूचा उजवा अर्धा भाग. आणि गंमत म्हणजे इतकं होऊनही चाल जवळपास ठीक असते. माणसाला मोठ्या मेंदूत झटका आला की अर्धं अंग जातं. कुत्र्या-मांजरांची चाल देठातूनच बरीचशी सांभाळली जाते. म्हणून ‘चालतोय की, मग मेंदूला काय झालं असणार’ हा तर्क आपल्या अनुभवावरून येतो आणि जनावरांच्या बाबतीत चुकतो.

लगाम तुटलाय की घोडाच गेलाय

आता पाठ. इथे सगळा खेळ एका फरकावर आहे. मज्जारज्जूत पुढच्या पायांसाठी एक ठाणं आहे, मानेच्या पायथ्याशी. मागच्या पायांसाठी दुसरं, कमरेत. या ठाण्यांतून नसा निघून थेट स्नायूंत जातात. गुडघ्याखालच्या शिरेवर हातोडी मारली की पाय उडतो, तो या ठाण्याच्याच जोरावर, मेंदूला विचारल्याशिवाय. मेंदू वरून हुकूम तर पाठवतोच, पण त्याहून जास्त काम करतो ते आवरायचं. लगामासारखं.

त्यामुळे पाय निकामी होण्याचे दोन प्रकार. ठाणंच उद्ध्वस्त झालं तर घोडा गेला. पाय लुळा, हातोडीला उत्तर नाही, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मांडीचं मांस उतरायला लागतं. ठाणं शाबूत पण वरची तार तुटली तर लगाम तुटला, घोडा जिवंत आहे. पाय ताठ, हातोडी लावली की जरुरीपेक्षा जास्त उडतो, मांस उतरतं ते हळूहळू, न वापरल्याने. कुत्रा चालू शकत नाही हे दोन्हीकडे सारखंच. फरक कळतो हातोडीने.

एवढं कळलं की पाठीचे चार विभाग आपोआप पडतात. चारही पाय ताठ आणि अडखळणारे असतील तर बिघाड मानेच्या वरच्या भागात. पुढचे लुळे आणि मागचे ताठ असतील तर मानेच्या पायथ्याशी, कारण पुढचं ठाणं गेलं आणि मागच्यांची तार तुटली. पुढचे उत्तम, मागचे ताठ, तर पाठीत, दोन ठाण्यांच्या मध्ये. पुढचे उत्तम, मागचे लुळे, गुदाला चिमटा लावला तरी ते आवळत नाही आणि लघवी थेंब-थेंब गळतेय, तर कमरेच्या ठाण्यात. डॅशहुंड जातीत मणक्यामधली गादी सरकते ती बहुतेक पाठ आणि कंबर जिथे मिळतात तिथे, म्हणून त्यांचं चित्र बहुतेक वेळा तिसरं असतं.

पुस्तकातले आकडे वाचताना एक घोळ होतो. कुत्र्याच्या मानेत ७ मणके, पाठीत १३, कमरेत ७. पण मज्जारज्जू मणक्यांएवढा लांब नाही, साधारण कमरेच्या सहाव्या मणक्यापाशी तो संपतो आणि पुढे नसांचा झुबका जातो. त्यामुळे मज्जारज्जूचा ‘कमरेचा पाचवा’ तुकडा पाचव्या मणक्यात बसलेला नसतो, त्याच्या आधीच, डोक्याच्या दिशेला सरकलेला असतो. सर्जनला मणका सांगावा लागतो, तुकडा नाही. इथे घाई केली की उघडलं जातं भलतंच.

पाठीतली जागा आणखी नेमकी करायची असेल तर एक सुंदर युक्ती आहे. गोठ्यात म्हैस माशी हाकलायला कातडी थरथरवते ते सगळ्यांनी बघितलंय. कुत्र्यालाही तोच स्नायू असतो. कमरेपासून सुरुवात करून कण्याच्या कडेने चिमट्याने कातडी हलकेच चिमटत पुढे-पुढे जायचं. जिथून कातडी थरथरायला लागते, त्याच्या एक-दोन मणके पुढे, डोक्याच्या दिशेला बिघाड. चिमट्याची खबर वर पुढच्या ठाण्यापर्यंत जाते आणि तिथून स्नायूला हुकूम येतो. खबर मधे अडली की थरथर नाही.

डोळा आणि पुढचा पाय यांचं नातंही असंच चकवणारं. बाइकची धडक बसलेला कुत्रा येतो, एक पुढचा पाय लोंबतोय, सगळे पायाचा एक्स-रे काढायला धावतात आणि हाड कुठेच तुटलेलं नसतं. अशा वेळी डोळे बघा. त्याच बाजूची बाहुली बारीक, पापणी किंचित पडलेली आणि आतला पांढरा पडदा वर आलेला दिसला, तर पायाच्या नसा मुळापासून, मज्जारज्जूला लागूनच उपटल्या गेल्या आहेत. बाहुली मोठी करणारी तार मेंदूतून निघते खरी, पण छातीच्या पहिल्या काही मणक्यांपाशी बाहेर पडते आणि मानेतून पुन्हा वर डोळ्यात जाते. एक डोळा बघून पायाचं भविष्य सांगता येतं, आणि ते फारसं चांगलं नसतं.

पाठीला मार बसलेल्या कुत्र्यात कधी-कधी पुढचे पाय काठीसारखे ताठ होतात आणि मागचे गेलेले असतात. बघणाऱ्याला वाटतं मानही गेली. उभं धरलं तर तोच कुत्रा पुढच्या पायांनी व्यवस्थित चालतो. कमरेतून वर जाऊन पुढच्या पायांना आवरणारा एक वेगळा लगाम असतो, तो तुटलेला असतो. याला दोन शास्त्रज्ञांच्या नावाने शिफ-शेरिंग्टन म्हणतात, त्यांतल्या शेरिंग्टनला १९३२ चं नोबेल मिळालं. कुत्रा बघायला भीषण वाटतो, पण ही खूण फक्त जागा सांगते. बरा होणार की नाही हे ती सांगत नाही.

ते सांगते वेदना. आणि इथे मी स्वतः चुकलोय. प्रॅक्टिसची पहिली वर्षं. एका घरी मागचे पाय गेलेला कुत्रा होता. मी बोटाच्या हाडाला चिमटा लावला आणि त्याने पाय झटकन ओढून घेतला. मी म्हटलं, “जाणीव आहे, काळजी करू नका.” घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली. कुत्र्याला मात्र काहीही कळलेलं नव्हतं. पाय ओढणं हे कमरेच्या ठाण्याचं काम, वरची तार पूर्ण तुटली असली तरी ते होतं, उलट जास्तच जोरात होतं. कळलं असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा कुत्रा वळून बघतो, कण्हतो, चावायला येतो, निदान बाहुल्या मोठ्या होतात. पायाकडे नाही, तोंडाकडे बघायचं. चार आठवड्यांनी त्या घरच्यांना खरं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी चहा दिला, आणि तो संपवणं फार अवघड गेलं.

मज्जारज्जूवर दाब वाढत जातो तसं एकेक काम ठरलेल्या क्रमाने जातं. आधी पंजाची जाणीव, मग चाल, मग लघवीवरचा ताबा, सगळ्यात शेवटी खोल वेदना. बरं होताना क्रम बराचसा उलटा. गादी सरकलेल्या कुत्र्यात वेदना शाबूत असेल तर ऑपरेशननंतर १० पैकी साधारण ९ चालतात. वेदना गेली असेल तर निम्म्याच्या आसपास, आणि तेही वेळ न दवडता. मणकाच मोडून वेदना गेली असेल तर आशा जवळजवळ नसते.

गोठ्यात

म्हशीला पोटाखाली हात देऊन पंजा उलटा करता येत नाही. इथे बघण्यावरच काम चालतं.

सांवेरकडचा एक शेतकरी शेळी टेम्पोत घालून आला. “डॉक्टरसाब, बकरी घूम री है।” खरंच डावीकडे गोल फिरत होती. त्यावर थांबलो असतो तर मोठा मेंदू म्हणून मोकळा झालो असतो. पण डावा कान लोंबत होता, डाव्या ओठातून लाळ, डाव्या गालात चारा कोंबलेला, आणि शेळी झोपाळलेली. एकाच बाजूच्या चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या नसा गेलेल्या आणि वर मलूलपणा, हे सगळं एकत्र मेंदूच्या देठाशिवाय कुठे मिळणार? मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, खायला घालता का, विचारलं. घालत होते, आणि वरचा थर बुरसलेला होता. लिस्टेरिया नावाचा जिवाणू खराब मुरघासात वाढतो, तोंडातल्या बारीक जखमेतून शिरतो आणि जबड्याच्या नसेवरून चढत देठात जातो. लवकर धरला तर प्रतिजैविकं लागू पडतात.

दुसरी शेळी, लग्नाच्या मांडवामागे उरलेल्या बाट्या आणि पोळ्या पोटभर खाल्लेली. मान मागे टाकून आकाशाकडे बघतेय, आंधळी, टॉर्च मारली तर बाहुली आकसते. म्हणजे डोळा ठीक, मोठा मेंदू बंद. धान्याने पोट बिघडलं की बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि मोठ्या मेंदूचा वरचा थर सुजतो. बी-१ चं इंजेक्शन वेळेवर दिलं तर अशी शेळी एक-दोन दिवसांत बघायला लागते, आणि मालक तुम्हाला देव समजतो. तिच्याच जागी वासरू असतं आणि बाहुल्या मोठ्या, टॉर्चलाही हलत नसत्या, तर मी महिनोन् महिने सुका कडबा खाऊन आलेली ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आधी धरली असती. त्यात हाडाची खोबण अरुंद होऊन डोळ्याची नसच आवळली जाते.

नुकतीच व्यायलेली गाय बसून राहते, मान कुशीत घालते, कान गार. इथे खांब शोधायला जाऊ नका. कुठलीच एक बाजू गेलेली नाही, सगळंच मंद आहे. गावभर व्होल्टेज कमी झालंय. कॅल्शियम शिरेतून सावकाश द्या, बहुतेक गायी तासा-दोन तासांत उठतात.

आणि कधी घरं अशी विझलेली असतात की कुठलाच एक खांब धरता येत नाही. इकडे एक, तिकडे एक. कुत्र्यात तेव्हा डिस्टेंपर हा विषाणूचा रोग आठवतो, विशेषतः एखादा पाय किंवा जबडा ठेक्यात उडत असेल आणि झोपेतही थांबत नसेल तर. त्याहून आधी आठवायला हवा रेबीज. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बसलाय, गाय उगाच हंबरतेय, काल वेगळं आणि आज वेगळं, हे ऐकलं की मी फोनवरच सांगतो, तोंडात हात घालू नका. ‘घशात हाड अडकलंय’ किंवा ‘काटा लागलाय’ म्हणून हात घातलेली माणसं मी पाहिलीत. घातलाच असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. जनावराचं निदान नंतर होईल.

माझ्या निम्म्या निदानांची सुरुवात आता घरच्यांच्या मोबाईलवरच्या व्हिडिओत होते. दवाखान्यात आल्यावर कुत्रा घाबरून ताठ उभा राहतो आणि घरी दिसणारं काहीच दाखवत नाही. तेव्हा घरीच काढा. आकडी आली तर आधी वेळ बघा, मग फोन काढा. चाल दाखवायची तर बाजूने एकदा, मागून एकदा, पट्टा सैल सोडून, गादीवर किंवा गालिच्यावर नाही. पाय जमिनीवर टेकताना नीट दिसतील असा फोन खाली धरा. आणि टीव्ही बंद ठेवा, ‘मोती, ये, मोती’ असं ओरडू नका. कोटा फरशीवर कुठल्या पायाची नखं घासतायत, ते मला ऐकायचं असतं.